तीन व्हायल, चार डोस

सकाळी ७.४५

ओपीडीचे केसपेपर आठला निघायला लागतात. त्याआधी सर्व्हरवर गर्दी नसते, म्हणून मोठ्या क्वेऱ्या मी याच वेळात लावते. रुग्णालयाच्या चालू डेटाबेसला आम्ही हात लावत नाही. रात्री त्याची एक प्रत निघते, ती वाचता येते पण बदलता येत नाही, आणि माझं सगळं काम त्या प्रतीवर चालतं. क्वेरी कितीही लांबली तरी खाली खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाचं बिल तिच्यामुळे अडकता कामा नये.

आमचं रुग्णालय पुण्यातलं, एका ट्रस्टचं. सोलापूर, लातूर, धाराशिव, अहिल्यानगर, पलीकडे कोकण, इतक्या लांबून पेशंट येतात. कॅन्सर विभागाच्या नोंदी बऱ्याच वर्षांपासून कॉम्प्युटरवर आहेत, आणि कुणाला कोणते उपचार खरोखर मिळाले हे त्या नोंदींतून काढून देणं हे माझं काम.

सध्याचा प्रश्न ऑन्कॉलॉजीच्या मॅडमनी दिलेला आहे. स्तनाचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त) असलेल्या आपल्या पेशंटपैकी किती जणींचा ट्रास्टुझुमॅबचा वर्षभराचा कोर्स पुरा झाला, आणि ज्यांचा झाला नाही त्यांचा कुठे थांबला, का थांबला?

हे औषध १९९८मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेव्हा ते पसरलेल्या आजारासाठी होतं. २००५मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारावरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. केमोसोबत किंवा केमोनंतर वर्षभर हे इंजेक्शन दिलं तर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, असं त्यातून दिसलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू पॉझिटिव्ह असणारे साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे हे औषध थोडक्यांसाठी नाही. २०१४मध्ये भारतात त्याचं पहिलं बायोसिमिलर बाजारात आलं आणि २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. तरीही वर्षभर दर तीन आठवड्यांनी एवढं महाग इंजेक्शन घेत राहणं लातूरहून येणाऱ्या घराला सोपं नसतं. २०१९मध्ये ब्रिटनच्या पर्सेफनी चाचणीने सहा महिन्यांचा कोर्स वर्षाच्या कोर्सपेक्षा कमी पडत नाही असं दाखवलं. फ्रान्समधल्या तशाच एका चाचणीला मात्र ते सिद्ध करता आलं नाही, त्यामुळे प्रमाण मुदत आजही वर्षाचीच धरतात. म्हणून आमच्या पेशंटचा कोर्स नेमका कुठे थांबतो याला फार महत्त्व आहे. आठव्या-नवव्या डोसाला थांबणं आणि तिसऱ्याला थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत डॉक्टरांच्या हातात निदान एक पुरावा असतो, दुसरीत काहीच नसतं.

सकाळी ८.३०

सुरुवात औषधापासून होत नाही, माणसापासून होते. प्रत्येक पेशंटला एक नंबर मिळतो, आणि एका माणसाला एकच नंबर असावा. पण बाई पहिल्यांदा आली तेव्हा भावाने माहेरचं नाव सांगितलेलं असतं, दुसऱ्यांदा नवऱ्याबरोबर आली तर सासरचं. गायकवाड आणि चौधरी ही आडनावं इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात, ते रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर बसल्याशिवाय कळत नाही. मोबाइल नंबर बहुधा मुलाचा किंवा पुतण्याचा असतो, आणि गावातल्या दोन पेशंटना एकच पुतण्या घेऊन येत असेल तर दोघींच्या नावावर तोच नंबर.

मग जन्मतारीख लावून बघावी, तर १ जून या तारखेने पानंच्या पानं भरतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, ती आयुष्यभर चिकटली. शाळेतच न गेलेल्या बायकांचं नुसतं वय सांगितलं जातं, आणि सिस्टम त्यातून १ जानेवारी बनवते. त्यामुळे या दोन तारखा जुळल्या तर मी त्याला पुरावा मानत नाही. नाव, गाव, बायोप्सीचा नंबर, ऑपरेशनची बाजू, यांतल्या तीन गोष्टी जुळल्या तरच जोडी संशयित यादीत जाते, आणि ती यादी एमआरडीतले, म्हणजे जुन्या नोंदींच्या विभागातले, काका जुन्या फायली काढून डोळ्यांनी बघतात. खात्री पटली नाही तर आम्ही जोडत नाही.

यात एवढा वेळ का घालवते, असं नवीन आलेली मुलं विचारतात. न जोडलेली एक बाई आमच्या तक्त्यात दोन बायका होते. एकीने सहा डोस घेऊन सोडलं, दुसरीने मधूनच सुरू केलं. प्रत्यक्षात त्या बाईने चिकाटीने पूर्ण कोर्स केलेला असतो आणि आम्ही तिला दोनदा अर्ध्यावर सोडलेली ठरवतो. तिच्या कष्टांवर हा अन्याय आहे.

सकाळी ९.३०

आता हर-टू पॉझिटिव्ह कोण ते ठरवायचं. डेटाबेसमध्ये त्यासाठी वेगळी चौकट आहे, पण ती क्वचितच भरलेली असते. उत्तर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असतं, आणि रिपोर्ट म्हणजे सलग मजकूर. आयएचसी तपासणीत निकाल शून्य, एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असा येतो. तीन प्लस पॉझिटिव्ह, शून्य आणि एक निगेटिव्ह, आणि दोन प्लस अनिश्चित, त्याची पुढे फिश ही जनुकांची तपासणी करायची.

मजकुरात नुसतं ‘हर-टू’ आणि ‘पॉझिटिव्ह’ शोधलं तर जवळजवळ प्रत्येक रिपोर्ट पॉझिटिव्ह निघेल. कारण तपासणी नीट झाली हे सांगणारी ‘पॉझिटिव्ह कंट्रोल समाधानकारक’ अशी ओळ प्रत्येकात असते, आणि तळाशी तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, दोन प्लस म्हणजे अनिश्चित अशी टीपही छापलेली असते. म्हणून आधी रिपोर्टाचे तुकडे पाडायचे, निकालाचा भाग वेगळा काढायचा आणि फक्त त्यात शोधायचं. ‘आढळले नाही’, ‘नकारात्मक’ असे नकार ओळखायला नेगेक्स नावाची २००१ सालची साधी, नियमांवर चालणारी पद्धत आहे. ती अजून उत्तम चालते.

हल्ली आम्ही रुग्णालयाच्याच मशीनवर एक लहान भाषा-मॉडेलही चालवून बघतो. त्याला अट एकच: उत्तरासोबत रिपोर्टातली मूळ ओळ जशीच्या तशी दाखवायची. ओळ सापडली नाही तर उत्तर धरायचं नाही. मजकूर इमारतीबाहेर जात नाही. ओळ समोर असली की माझ्यासारखीला दोन सेकंदांत खरं-खोटं कळतं.

खरा त्रास दोन प्लसवाल्यांचा. फिश आमच्याकडे होत नाही, बाहेरच्या लॅबमध्ये होते. रिपोर्ट पेशंट स्वतः घेऊन येतो, डॉक्टर बघतात, फाइलला लावतात, आणि नशीब असेल तर कुणी तरी तो स्कॅन करतं. डेटाबेसच्या दृष्टीने ते एक चित्र, ज्यात अक्षरं नाहीत. ही चित्रं डेटा एंट्रीच्या दोघी जणी वेगवेगळ्या बसून वाचतात. दोघींचं उत्तर एक आलं तर ते घेतो, नाही तर पॅथॉलॉजीच्या सरांकडे. या दोघींचं काम कुठल्याही शोधनिबंधात दिसत नाही. तिथे नुसतं ‘नोंदी तपासून घेतल्या’ असं एक वाक्य येतं. मला ते वाक्य पुरेसं वाटत नाही, म्हणून आमच्या प्रत्येक अहवालात मी त्यांची नावं घालायला लावते.

सकाळी ११

आता औषध. इथे मी टेबलावरून उठते आणि तिसऱ्या मजल्यावर केमोच्या डे-केअरला जाते, कारण जे हवं ते सगळं पडद्यावर नाही.

एका इंजेक्शनच्या चार वेगळ्या नोंदी होतात. डॉक्टर ऑर्डर लिहितात, फार्मसी औषध देते, बिल बनतं, आणि शेवटी सिस्टर इंजेक्शन देतात. पहिल्या तीन कॉम्प्युटरवर असतात. चौथी, म्हणजे जी खरी, ती अर्धी कॉम्प्युटरवर आणि अर्धी सिस्टरांच्या चार्टवर. प्रोटोकॉल ठरला की डॉक्टर पुढच्या सगळ्या सायकलींच्या ऑर्डरी एकदम टाकतात. पेशंट आली, सीबीसीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, तर ती केमो पुढच्या आठवड्यावर जाते, पण ऑर्डर जागच्या जागी राहते. म्हणून ऑर्डर मोजून उपचार मोजणं मी मान्यच करत नाही. बिलाचंही तसंच. आगाऊ पैसे भरले त्या दिवसाची तारीख बिलावर येते, इंजेक्शन भलत्याच दिवशी झालेलं असतं.

फार्मसीच्या नोंदीत नावं ब्रँडची असतात. हर्सेप्टिन, हर्क्लॉन, कॅनमॅब, हरट्राझ, विविट्रा: औषध एकच, ट्रास्टुझुमॅब. टाइप करणाऱ्याने एक अक्षर इकडेतिकडे केलं तर आणखी नावं. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांचा डेटा एका साच्यात बसावा म्हणून ओमॉप नावाची एक रचना आहे. आम्ही तिच्यात आमच्या नोंदी बसवतो, आणि तिथे औषधांच्या नावांसाठी आरएक्सनॉर्म ही अमेरिकेतली यादी वापरतात. तिच्यात आपल्याकडचे ब्रँड सहजासहजी सापडत नाहीत, म्हणून आमची जोडयादी आम्ही हाताने केली आणि फार्मसीतल्या काकांनी ती एकेक ओळ तपासली. त्यांच्यासारखी माणसं सोबत नसतील तर असं काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज ज्या पेशंटसाठी वर आले ती एक बाई, वजन ५५ किलो. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलते. फार्मसीतून तिच्या नावावर पहिल्या डोसासाठी एक व्हायल निघाली आहे, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत तीन. बिलंही तेवढीच. तीन महिन्यांत दर तीन आठवड्यांनी चार डोस व्हायला हवेत. क्वेरीने तिच्या नावापुढे ‘एक डोस चुकला’ असं लिहिलंय.

‘सिस्टर, यांची चौथी व्हायल कुठे दिसत नाही.’

सिस्टरांनी चार्ट काढायच्या आधीच सांगितलं, ‘चौथी नाहीच, ताई. आधीच्या तीनमध्येच बसला तो डोस. वजन बघा ना.’

वजन बघितलं. पहिला, म्हणजे लोडिंगचा, डोस किलोला आठ मिलिग्रॅम. ५५ किलोला ४४०, म्हणजे बरोबर एक पूर्ण व्हायल. पुढचे डोस किलोला सहा, म्हणजे ३३०. व्हायल ४४०ची. दुसऱ्या डोसाला एक फोडली, ११० उरले. सोबत येणाऱ्या खास पाण्यात औषध कालवलं असेल तर फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर ते २८ दिवस टिकतं. सिस्टरांनी व्हायलवर बाईचं नाव, फोडल्याची तारीख आणि उरलेलं माप लिहून ठेवलं. तीन आठवड्यांनी त्या ११०मध्ये नव्या व्हायलचे २२० मिळवले. आता २२० उरले. पुढच्या वेळी त्यात तिसरीतले ११०, आणि उरले ३३०. चौथ्या वेळी नवी व्हायल लागलीच नाही. तीन व्हायल, चार डोस, आणि एका व्हायलचे पैसे वाचले. वर्षभरात अशा हिशेबाने अठरा डोसांना चौदा व्हायल पुरतात. ज्या घरात पैशांची जुळवाजुळव दर वेळी नव्याने करावी लागते, तिथे हे केवढं मोठं आहे ते निराळं सांगायला नको.

सिस्टरांनी फ्रिज उघडून दाखवला. खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या छोट्या ट्रे, प्रत्येकीत एक व्हायल, वर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनने चार ओळी: नाव, नंबर, फोडल्याची तारीख, उरलेले मिलिग्रॅम. माझ्या संपूर्ण डेटाबेसमध्ये ‘उरलेले मिलिग्रॅम’ अशी चौकट कुठेही नाही, आणि ती त्या चिकटपट्टीवर रोज भरली जाते.

पुढची गोष्ट माझ्या लक्षात तिथेच उभं राहून आली. समजा त्याच वजनाची दुसरी बाई दर वेळी दहा दिवस उशिरा आली. आठवड्याहून जास्त उशीर झाला की डोस पुन्हा लोडिंगचा, पूर्ण ४४०चा, म्हणजे दर डोसाला नवी व्हायल. तिच्या नावावर चार व्हायल निघतील. म्हणजे फार्मसीच्या नोंदी मोजल्या तर वेळेवर येणारी बाई मागे दिसते आणि उशिरा येणारी पुढे. नुसती थोडीबहुत चूक असती तर सरासरीत ती विरघळली असती. ही चूक उलट दिशेची आहे, आणि ज्यांनी नेटाने वेळ पाळली त्यांच्याच विरुद्ध जाते.

म्हणून नियम बदलला. व्हायल मोजायच्या नाहीत, बिलं मोजायची नाहीत. सिस्टरांच्या नोंदीतली इंजेक्शन सुरू झाल्याची वेळ आणि दिलेले मिलिग्रॅम हे प्रमाण मानायचं. ती नोंद कॉम्प्युटरवर नसेल तर चार्ट मागवायचा. आणि डोस नाही, आठवडे मोजायचे, कारण काही जणींना सुरुवातीला पॅक्लिटॅक्सेलसोबत हे औषध दर आठवड्याला लहान डोसात जातं आणि मग तीन आठवड्यांचं चक्र सुरू होतं. त्यांचे डोस जास्त भरतील, पण वर्ष तेच.

तिथून निघताना सिस्टर म्हणाल्या, ‘काही बायका औषध बाहेरून घेऊन येतात, थर्मासात बर्फ घालून. ते तुमच्या फार्मसीत कसं दिसणार?’ दिसणार नाहीच. देणगीतून मिळालेलं औषधही दिसत नाही. ते फक्त सिस्टरांच्या वहीत आहे. रुग्णालयं महागड्या सॉफ्टवेअरवर खर्च करतात, पण डे-केअरमधल्या सिस्टरांना प्रत्येक पेशंटमागे नोंद लिहायला पाच मिनिटं निवांत मिळावीत म्हणून एक माणूस वाढवत नाहीत. माझ्या हातात असतं तर मी आधी तो माणूस वाढवला असता.

दुपारी १.३०

जेवायला आम्ही एमआरडीत बसतो, कारण तिथे पंखे चांगले आहेत. कॅन्सर रजिस्ट्रीत काम करणारे एक सहकारी असतात. ते बार्शीच्या रजिस्ट्रीबद्दल सांगत होते. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर रजिस्ट्री मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३मध्ये सुरू केली, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. ग्रामीण भागातली पहिली मात्र १९८७ची, बार्शीची. तिथली माणसं गावोगाव जाऊन चौकशी करत, कारण गावात झालेल्या मृत्यूच्या कागदावर कॅन्सर लिहिलेला असेलच असं नाही. आमच्या डेटाबेसमध्येही हेच आहे. पेशंट यायची थांबली, एवढंच त्याला कळतं. ती बरी होऊन घरी आहे, दुसऱ्या रुग्णालयात गेली की राहिली नाही, हे कळायला कुणाला तरी फोन करावा लागतो किंवा गावात जावं लागतं.

दुपारी २.१५

सकाळच्या क्वेरीने ज्यांच्या दोन डोसांमध्ये सहा आठवड्यांहून जास्त अंतर आहे अशा पेशंट बाजूला काढल्या आहेत. आता प्रत्येकीचं कारण शोधायचं. हे काम मशीनला देता येत नाही आणि द्यावंसंही वाटत नाही.

कारण हृदय असू शकतं. हे औषध हृदयाच्या पंपिंगवर परिणाम करू शकतं, म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करतात. सुरुवातीला इजेक्शन फ्रॅक्शन ६० होतं आणि आता ४८ आलं, तर डॉक्टर इंजेक्शन थांबवतात, काही आठवड्यांनी पुन्हा इको करतात आणि मग ठरवतात. ही सुट्टी म्हणजे चांगल्या उपचाराची खूण आहे. पण इकोचे रिपोर्ट कार्डिऑलॉजीच्या वेगळ्या सिस्टममध्ये राहतात, आणि ते जोडून पाहिले नाहीत तर ही बाई ‘उपचार सोडले’ या रकान्यात जाऊन पडते. म्हणून प्रत्येक खंडाच्या आधीच्या चार आठवड्यांतला इको मी शोधतेच.

कारण मंजुरीही असू शकतं. २०१२मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली योजना आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्या मंजुरीच्या तारखा योजनेच्या टेबलावर असतात, त्या मागवता येतात. खंड आणि मंजुरीची वाट बघण्याचे दिवस एकमेकांवर बसले, की कारण समजतं.

बाकीची कारणं समाजसेवा विभागाच्या शेऱ्यांत मिळतात. पेरणी. मुलीचं बाळंतपण. सोबत यायला कुणी नाही. सावकाराचा हप्ता. दोन-तीन शब्दांचे शेरे, पण त्यांतल्या प्रत्येकावर काही ना काही करता येण्यासारखं असतं. सिस्टममध्ये कारणाची एक यादी आहे, तिच्यातला पहिलाच पर्याय ‘पेशंट आला नाही’. घाईत सगळे तोच निवडतात. तो पर्याय यादीतून काढावा म्हणून मी अर्ज दिलाय, कारण ते कारणच नाही.

आणि काही ठिकाणी तारखाच नसतात, पण औषध बोलतं. डोस एक आठवड्याहून जास्त लांबला तर पुन्हा मोठ्या डोसाने सुरुवात करायची असा या औषधाचा नियम आहे. त्यामुळे ३३०, ३३० असं चाललेलं असताना मध्येच पुन्हा ४४० दिसलं, की समजायचं, इथे खंड पडला होता. मधली पानं हरवली असली तरी.

दुपारी ४

एमडीच्या एका विद्यार्थ्याला याच विषयाच्या एका भागावर प्रबंध करायचाय. एथिक्स कमिटीचं पत्र त्याच्याकडे आहे. त्याने विचारलं, ‘मॅडम, नावांसकट दिलंत तर मला फायली शोधायला सोपं जाईल.’

नावं जाणार नाहीत. नंबर बदलून जातो, गावाऐवजी फक्त जिल्हा जातो, आणि प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागे सरकवून जातात. दोन डोसांमधलं अंतर त्यामुळे तसंच राहतं आणि खरी तारीख कुणाला कळत नाही. एखाद्या छोट्या जिल्ह्यातून अशी एकच तरुण पेशंट असेल तर जिल्हाही झाकायचा. कायदा आता आहेच, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. गावात एखादीला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं तर तिच्या मुलीच्या लग्नात कोण काय बोलेल याची धास्ती घेऊन ती इतक्या लांब पुण्याला आलेली असते. ती धास्ती आपल्याला चुकीची वाटो, तिचं गुपित तिचं आहे.

दुपारी ४.४५

एवढं सगळं झाल्यावर क्वेरीचं उत्तर आणि फायलीतलं सत्य जुळतं का, ते बघायचं. एमआरडीतून मशीनने निवडलेल्या फायली येतात. मी आणि माझी एक सहकारी, क्वेरीचं उत्तर न बघता, प्रत्येक फाइल वाचून लिहितो: पहिला डोस कधी, शेवटचा कधी, खंड किती, कारण काय. आमचं एकमत निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त आहे हे कोहेनच्या कप्पाने मोजतात. ही पद्धत १९६०ची. तारखांवर आमचं क्वचित वेगळं येतं. कारणांवर येतं, आणि त्यातच वेळ जातो. आज अर्धा तास एका बाईवर गेला. इको कमी आला होता आणि त्याच आठवड्यात योजनेची मंजुरीही संपली होती. शेवटी आम्ही दोन्ही कारणं लिहिली. एकच निवडायला लावणारा फॉर्म आम्ही दुरुस्त करून घेतला.

संध्याकाळी ६

मॅडम राउंड संपवून आल्या. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यात ‘कोर्स पूर्ण’, ‘थांबला’ आणि ‘माहीत नाही’ असे रकाने आहेत. बाहेरच्या मासिकांना तिसरा रकाना आवडत नाही. त्या पेशंट गाळाव्यात किंवा त्यांना ‘थांबला’मध्ये धरावं असं सुचवणारे भेटतात. माझं म्हणणं असं की रिकाम्या जागेचा अर्थ ‘दिलं नाही’ असा लावायचा अधिकार आपल्याला नाही. मॅडम याबाबतीत माझ्या बाजूने आहेत. रकाना राहिला.

मग त्यांनी तक्ता बाजूला सारला. ‘हे सगळं झालेल्यांचं आहे. ज्यांचं वर्ष आत्ता चालू आहे आणि तारीख उलटून गेली तरी आल्या नाहीत, त्या कोण?’

हा प्रश्न संशोधनाचा नाही, उपचाराचा आहे, आणि उपचार करणाऱ्यांना नाव बघण्याचा हक्क आहे. तीच क्वेरी, फक्त आजची तारीख टाकून, चालवली. यादी छापली. समाजसेविका ताई अजून होत्या, त्यांनी फोन लावायला घेतले.

एक फोन पुतण्याने उचलला. योजनेची मंजुरी यायची आहे म्हणून ते थांबले होते. मंजुरी आठवड्यापूर्वीच आली होती, पण मेसेज गेला तो रजिस्ट्रेशनच्या वेळी दिलेल्या जुन्या नंबरावर, आणि तो नंबर बंद झालाय. ताईंनी गुरुवारची वेळ दिली आणि नवा नंबर लिहून घेतला. डोस आठवड्याहून जास्त लांबलाय, तेव्हा वजन नव्याने घ्या, लोडिंग पुन्हा द्यायचं आहे, आधी इको बघा, असा शेरा मॅडमनी ऑर्डरवर तिथेच टाकला.